फॉर्म्युल्याच्या आधीचं अर्धं पान

पत्र:

मॅडम, मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मुख्य विषय जीवशास्त्र, पण पहिल्या सेमिस्टरला फिजिक्सचा प्राथमिक कोर्स सक्तीचा आहे. वर्गात सर शिकवतात तेव्हा सगळं कळतं. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचते, तीही कळतात. पण कोरा कागद घेऊन बसले की कुठला फॉर्म्युला लावायचा तेच सुचत नाही. म्हणून सूत्रांची एक वही केली. त्यात आता ७३ सूत्रं झाली आहेत आणि गोंधळ वाढलाच आहे. पहिल्या टेस्टला ५० पैकी १७ मिळाले. बरोबरची मुलं म्हणतात, फिजिक्सला डोकंच वेगळं लागतं. कोर्स आत्ता सोडून पुढच्या वर्षी घेऊ का? आणि एक बारीकशी शंका, जी वर्गात विचारायची लाज वाटली. वर फेकलेला चेंडू सगळ्यात वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तरी तिथं त्वरण शून्य नसतं असं सर म्हणाले. मी ते लिहून घेतलं, पण मला ते पटलेलं नाही.
– ५० पैकी १७

उत्तर:

प्रिय मुली,

सहीच्या जागी मार्क लिहिलेस. एका टेस्टला इतका मान देऊ नये. तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तू शेवटी, ओशाळून लिहिलं आहेस: ‘मी ते लिहून घेतलं, पण मला ते पटलेलं नाही.’ मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाच्या वर्गांना फिजिक्स शिकवलं. न पटलेलं लिहून घेणारी मुलं शेकड्यांनी पाहिली. पटलं नाही हे लक्षात ठेवून नंतर कुणाला तरी विचारणारी त्या मानानं फार थोडी. त्यामुळे आधी चेंडू.

घटकाभर तुझंच खरं धरू. टोकाला वेग शून्य, आणि त्वरणही शून्य. त्वरण म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतोय ते. ते शून्य झालं म्हणजे वेग बदलायचा थांबला. मग पुढच्या क्षणी वेग किती? शून्य. त्याच्या पुढच्या क्षणी? तोही शून्य. म्हणजे चेंडू वर गेला आणि तिथंच लटकून राहिला! तसं होत नाही, तो खाली येतो. अर्थात टोकाला असतानाही त्याचा वेग बदलतच होता.

आकड्यांत बघ. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर फेकला, हवेचा अडथळा सोडून दिला. दर सेकंदाला त्याच्या वरच्या दिशेच्या वेगातून ९.८ वजा होतात. एका सेकंदानंतर १०.२. दोन सेकंदांनंतर ०.४. तीन सेकंदांनंतर उणे ९.४, म्हणजे खालच्या दिशेनं ९.४. दुसऱ्या आणि तिसऱ्या सेकंदाच्या मधे कुठेतरी वेग शून्यावरून गेला, पण वजाबाकीला त्याची दखल घ्यायचं काही कारण नव्हतं. रात्री तापमान ५ अंशांवरून उणे ५ वर उतरताना शून्यापाशी विसावा घेतं का? शून्य हा त्या वाटेवरचा एक आकडा, इतकंच.

आता याच चेंडूची एक आकृती काढ. तो हातातून सुटलाय आणि वर चाललाय. त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत ते बाणांनी दाखव. पुढचं वाचायच्या आधी खरंच काढ.

वरच्या दिशेला एक बाण काढलास ना, ‘हाताचा जोर’ म्हणून? जवळजवळ सगळेच काढतात. हात तर केव्हाच सुटला, मग तो जोर येतोय कुठून? मनात चित्र असं असतं की हातानं चेंडूत काहीतरी भरलं, ते हळूहळू संपत गेलं, टोकाला पुरतं संपलं आणि मग चेंडू खाली पडायला लागला. हे चित्र मूर्खपणाचं नाही बरं का. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँ नावाच्या विद्वानानं साधारण हेच मांडलं होतं. फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो, आणि वजन व हवेचा विरोध ती खाऊन टाकतात, असं त्याचं म्हणणं. ॲरिस्टॉटलच्या मतापेक्षा ते बरंच पुढचं होतं. तिथून न्यूटनच्या १६८७ च्या नियमांपर्यंत यायला युरोपातल्या भल्याभल्यांना तीनशेहून जास्त वर्षं लागली. तुझ्या कोर्सच्या वेळापत्रकात त्याला बहुधा दोन आठवडे ठेवले असतील. सुटलेल्या चेंडूवर फक्त एक बाण असतो, खालच्या दिशेचा, पृथ्वीच्या ओढीचा. वर जाताना, टोकाला आणि खाली येताना तोच एक, तेवढाच. वर जायला त्याला बल लागत नाही, वेग आधीच मिळालेला आहे. बल लागतं ते वेग बदलायला.

हे आत्ता वाचून ‘हां, कळलं’ असं वाटलं असेल. तुझी खरी अडचण याच जागेवर आहे.

वर्गात सगळं कळतं आणि घरी काहीच येत नाही, हे तुला परस्परविरोधी वाटतंय. ते तसं नाही. वर्गात कळतं ती फळ्यावरच्या एका ओळीतून दुसरी ओळ कशी आली ही गोष्ट. तेवढं बीजगणित तुला येतं, म्हणून कळतं. पण पहिली ओळ तीच का, दुसरी कुठली का नाही, हा निर्णय सरांनी खडू उचलण्याआधीच मनात घेतलेला असतो. तो फळ्यावर दिसत नाही आणि वहीत उतरत नाही. परीक्षेत मात्र नेमकं तेवढंच विचारतात.

या ‘कळलं’ वर विसंबता येत नाही हे मोजूनही पाहिलं गेलंय. हार्वर्डमध्ये लुई देलॉरिये आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक फिजिक्सच्याच कोर्सवर प्रयोग केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर तोच. काही मुलांना तो सफाईदार व्याख्यानातून दिला, काहींना गटात बसून, आधी स्वतः धडपडून सोडवायला लावून. पुढच्या तासाला अदलाबदल केली. व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. चाचणीत जास्त गुण धडपडलेल्यांना पडले. उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकाचा हा एक तोटाच म्हण, ऐकणाऱ्याला विषय आपल्याच हातात आल्याचा भास होतो. माझंही वक्तृत्व बरं होतं, त्यामुळे किती मुलांचं नुकसान केलं असेल कोण जाणे.

आता तुझी ७३ सूत्रांची वही. ती मी पाहिलेली नाही, पण तिच्यात काय आहे ते सांगू शकते. एका पानावर लिफ्टचा फॉर्म्युला असेल: लिफ्ट वर जाताना काट्यावरचं बल एम गुणिले (जी अधिक ए), खाली येताना एम गुणिले (जी वजा ए). एम म्हणजे वस्तुमान, जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं ९.८ त्वरण, ए लिफ्टचं त्वरण. पुढे उताराचा एक, साइन थीटावाला. मग कप्पीवरून दोरीनं टांगलेल्या दोन वजनांचा, त्यात वर वजाबाकी आणि खाली बेरीज. मग वळणावरच्या गाडीचा.

ही चार सूत्रं म्हणजे चार वेळा लिहिलेलं एकच वाक्य आहे. वस्तूवरच्या सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज करा, ती वस्तुमान गुणिले त्वरण इतकी असते. बस. बाकी सगळं आकृतीतून निघतं.

लिफ्टचंच घेऊ, कारण तुझी वही तिथं तुला हमखास पाडेल. ५० किलो वस्तुमानाची मुलगी लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. लिफ्ट वर चालली आहे आणि वरचा मजला जवळ आल्यानं सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद या दरानं मंदावते आहे. काटा किती बल दाखवेल? वही म्हणेल, वर जातेय ना, मग अधिक. ५० गुणिले ११.८, म्हणजे ५९० न्यूटन. चूक.

वही मिटून आकृती काढ. लिफ्ट विसर, काटा विसर, फक्त मुलगी. तिला कोण कोण स्पर्श करतंय? फक्त काटा, तो तिला वर ढकलतो. स्पर्श न करता कोण ओढतंय? पृथ्वी, खाली, ५० गुणिले ९.८ म्हणजे ४९० न्यूटन. झाले दोन बाण. आता बाजूला एक वेगळा बाण, त्वरणाचा. लिफ्ट वर जातेय पण वेग घटतोय, म्हणजे वेगातला बदल खालच्या दिशेला आहे. त्वरण खाली. तेव्हा खालचा बाण वरच्यापेक्षा मोठा हवा, आणि फरक हवा ५० गुणिले २, म्हणजे १०० न्यूटन. काटा ३९० न्यूटन दाखवेल. काट्यावर किलो छापलेले असतील तर जवळपास ४०. लिफ्टचा वेग कायम असताना तोच काटा सरळ ५० दाखवतो, मग ती वर जात असो की खाली. लिफ्ट कुठे चाललीय याला काट्याच्या लेखी किंमत नाही. वेग कुठल्या बाजूला बदलतोय याला आहे. वर चेंडूचं जे पटत नव्हतं तेच हे, फक्त कपडे बदलून आलंय.

फिजिक्समध्ये वेश बदलून येणाऱ्या गोष्टी ओळखण्यालाच बरचसं महत्त्व आहे. १९८१ मध्ये मिशेलीन ची आणि तिच्या सहकाऱ्यांनी फिजिक्सचे प्रश्न कार्डांवर लिहून दोन प्रकारच्या लोकांना दिले. नुकताच यांत्रिकीचा, म्हणजे गती आणि बलांचा, कोर्स केलेले विद्यार्थी आणि फिजिक्समध्ये पीएचडी करणारे. सोडवू नका, फक्त सारखे वाटतील ते एकत्र ठेवा, असं सांगितलं. विद्यार्थ्यांनी गठ्ठे केले ते असे: उताराचे, स्प्रिंगचे, फिरणाऱ्या चकतीचे. जाणत्यांनी केले ते: ऊर्जा राखली जाते ते, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचे. एकाच गठ्ठ्यात उतारही आणि स्प्रिंगही. तुझी वही पहिल्या प्रकारचा गठ्ठा आहे. ती जाळू नकोस, मेहनत केली आहेस. पण एका रिकाम्या दुपारी बसून प्रत्येक सूत्रापुढे लिही, हे मुळात कुठून आलं. गतीची तिन्ही समीकरणं घे. पहिल्या दोनांतून वेळ काढून टाकली की तिसरं मिळतं, आणि तिन्ही फक्त त्वरण कायम असेल तेव्हाच चालतात. ही अट वहीत लिहिली आहेस का? बहुतेक नसेल. यांत्रिकीपुरतं बोलायचं तर शेवटी एका पानात मावेल इतकंच उरतं, आणि त्यातही प्रत्येक सूत्रापुढे ‘केव्हा चालत नाही’ हा रकाना सूत्रापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

आता रोज काय करायचं ते. मी माझ्या मुलांना एक सक्ती करत असे आणि त्यावरून शिव्याही खात असे: पहिल्या अर्ध्या पानावर एकही सूत्र लिहायचं नाही. प्रश्न वाचून आधी चित्र काढायचं. ज्या वस्तूबद्दल विचारलंय ती एकटी, आजूबाजूचं सगळं पुसून, तिच्यावरच्या बलांचे बाण. प्रत्येक बाणाला ‘कुणाचं, कुणावर’ असं नाव. ‘हाताचा जोर’ अशा नावात ‘कुणाचं’ ला उत्तर मिळत नाही आणि बाण आपोआप गळतो. अधिक दिशा कुठली ते ठरवून लिहायचं. मग साध्या भाषेत दोन वाक्यं: काय घडतंय, आणि माझा अंदाज काय. काटा जास्त दाखवेल की कमी? गाडीचा वेग दुप्पट केला तर थांबायला अंतर दुप्पट लागेल की त्याहून जास्त? अंदाज चुकला तर उत्तम. चुकलेला अंदाज डोक्यात राहतो, वाचलेलं बरोबर उत्तर राहत नाही. या गाडीच्या प्रश्नात ब्रेकचं बल तेवढंच धरलं तर अंतर चौपट लागतं, कारण ब्रेकला जी गतिज ऊर्जा संपवायची असते ती वेगाच्या वर्गावर ठरते.

या अर्ध्या पानानंतर कुठलं सूत्र लावायचं हा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. उरलाच तर स्वतःला विचार, इथं काय बदलतंय आणि काय टिकून आहे. वेळेबद्दल विचारलंय की फक्त अंतर आणि वेगाबद्दल? वेळ कुठेच नसेल तर ऊर्जेकडून जाऊन बघ. टक्कर असेल तर आधी संवेग (वस्तुमान गुणिले वेग), ऊर्जा नंतर, कारण टक्करीत गतिज ऊर्जा टिकेलच असं नाही.

सोडवलेली उदाहरणं वाचायची तुझी पद्धत बदल. उत्तर कागदानं झाक. फक्त प्रश्न. पंधरा मिनिटं घड्याळ लावून झगड, आकृती तरी काढच. अडलीस तर झाकलेल्यातली एकच ओळ उघड, परत झाक. पूर्ण झालं की पुस्तक मिट आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच पुन्हा कर. तिथं अडलीस तर आदल्या दिवशी ते कळलेलं नव्हतं, नुसतं वाचलेलं होतं. अशी आठवड्याला सहा गणितं झाली तरी मला चालतील. वाचून संपवलेली तीस नकोत. आणि सूत्रांच्या वहीऐवजी चुकांची वही कर. ‘लिफ्ट वर म्हणजे त्वरण वर, असं धरलं’ अशी एक एक ओळ. माझ्या अनुभवात ती वही दहाबारा चुकांतच संपते, कारण माणूस त्याच त्या चुका फिरून फिरून करतो.

आकडे शेवटी घाल. हे कुणाला आवडत नाही, अक्षरांची भीती वाटते. पण अक्षरं ठेवली तर उत्तर स्वतःलाच तपासता येतं. घर्षण नसलेल्या उतारावरून ठोकळा घसरतोय, त्वरण जी साइन थीटा की जी कॉस थीटा आठवत नाही, अशी परीक्षेत वेळ येते. उतार सपाट करून बघ, म्हणजे कोन शून्य. सपाटीवर ठोकळा आपणहून घसरणार नाही, त्वरण शून्यच यायला हवं. साइन शून्य म्हणजे शून्य, कॉस शून्य म्हणजे एक. झाला निकाल, पाठांतराशिवाय. उतार पुरता उभा केला तर जी यायला हवं, तेही साइनच देतं. आधीच आकडे घातले असतेस, समज कोन ३० अंशांचा, तर ४.९ की ८.५, दोन्ही सारखेच खरे दिसले असते.

एककं मात्र आकड्यांबरोबर प्रत्येक ओळीत वागव. १९९९ मध्ये नासाचं एक यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर त्याचं नाव. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि ते वापरणाऱ्यांनी न्यूटन-सेकंद समजून वापरले. तुझं त्यापेक्षा कमी नुकसान होईल, दोनतीन मार्क. आणि कॅल्क्युलेटरनं दाखवलेले सगळे दशांश उतरवू नकोस. प्रश्नात २० मीटर दिलेत आणि उत्तर २०.४०८१६३२ मीटर, हे वाचताना तपासणाऱ्याचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

प्रॅक्टिकलबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण राहवत नाही म्हणून थोडंसं. लंबकाचा प्रयोग असेलच. एक आंदोलन मोजू नकोस, वीस मोज आणि वीसनं भाग. घड्याळ दाबताना बोट दोनतीन दशांश सेकंद इकडेतिकडे करतंच, तेवढी चूक वीस आंदोलनांत वाटली जाते. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका फेरीला साधारण दोन सेकंद लागतात, तेव्हा गणती चुकली तर लगेच कळेल. आणि जी काढताना ९.८ येईपर्यंत आकडे वाकवू नकोस. मी पहिल्या वर्षाला असताना वाकवले होते. सुंदर ९.८१ आणलं. लांबी मोजली होती गोळीच्या वरच्या टोकापर्यंत, मध्यापर्यंत नाही, म्हणजे त्या मोजमापातून ९.८१ येणं शक्यच नव्हतं. सरांनी जर्नलवर फक्त ‘गोळी केवढी होती?’ असं लिहून परत दिलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

आता ‘डोकं वेगळं लागतं’ वाल्यांबद्दल. ज्यांना फिजिक्स पटकन येतं असं दिसतं, त्यांच्यातले बरेच जण घरी अर्धं पान वाया घालवून बसलेले असतात, ते कुणी पाहिलेलं नसतं. काहींची झेप खरोखर मोठी असते, तेही खोटं नाही. पण प्राथमिक कोर्स पार करायला ती झेप लागत नाही. तुला न पटलेलं टोचत राहिलं, तेवढं पुरे.

जीवशास्त्रवालीला याचा काय उपयोग, असंही मनात असेल. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर ५ किलोचं वजन धर. तळहात कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटर, आणि दंडाचा स्नायू हाडाला जोडलेला जेमतेम ४ सेंटिमीटरवर. तोल सांभाळायला स्नायूला वजनाच्या जवळपास नऊपट ओढावं लागतं, चारशे न्यूटनच्या वर, हाताचं स्वतःचं वजन तर अजून धरलंच नाही. शरीर इतका गैरसोयीचा तरफ का वापरतं, याचं उत्तर तुझ्या विषयात आहे: स्नायू थोडा आखडला की हात बराच लांब फिरतो. पण प्रश्न दिसतो तो बलांचे बाण काढल्यावर.

राहिला कोर्स सोडायचा प्रश्न. १७ मार्कांवरून ठरवू नकोस, ते मार्क कुठे गेले त्यावरून ठरव. पेपर परत घे आणि गेलेल्या ३३ मार्कांपुढे कारण लिही. आकृतीच चुकली किंवा काढलीच नाही. सुरुवातच सुचली नाही. समीकरण बरोबर पण ते सोडवता आलं नाही. पहिल्या दोन कारणांचे मार्क जास्त असतील, आणि माझी खात्री आहे तसंच निघेल, तर सोडू नकोस. पुढच्या वर्षी हेच पुस्तक, हीच वही आणि हीच सवय घेऊन बसशील. तिसऱ्या कारणाचे जास्त असतील तर गोष्ट वेगळी. साइन ३० म्हणजे ०.५ हे त्रिकोण काढून दाखवता येत नाही, समीकरणातून वेग बाजूला काढताना वर्गमूळ हरवतं, आलेखाचा चढ म्हणजे काय ते सांगता येत नाही, असं असेल तर फिजिक्सला दोष देऊन फायदा नाही. तेव्हा एक सेमिस्टर गणित पक्कं करून परत येण्यात काहीही कमीपणा नाही. कोर्समधून नाव काढायची शेवटची तारीख मात्र आजच ऑफिसात विचारून ठेव, म्हणजे घाईत निर्णय व्हायचा नाही.

सोडणार नसशील तर एक गोष्ट लगेच कर. या कोर्समध्ये धडे एकावर एक रचलेले असतात. बल डळमळीत असलं की ऊर्जा डळमळते, मग संवेग, मग फिरणाऱ्या वस्तू. पुढे वीज आणि प्रकाश आले की पाटी थोडी कोरी होते, पण तोवर अर्धा कोर्स संपलेला असतो. म्हणून पुढचे तीन आठवडे नवीन धड्याबरोबर रोज एक जुनं, बलाचंच गणित कर. सरांकडे जाताना ‘मला काही कळत नाही’ असं म्हणू नकोस, त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. आकृती काढलेला कागद ने आणि बोट ठेवून विचार: हा बाण इथं का नाही?

मलाही तसाच कागद पाठव. तीच मुलगी, तोच काटा. लिफ्ट आता खाली येते आहे आणि तळमजला जवळ आल्यानं मंदावते आहे, दर तोच, २. उत्तराचा आकडा लिहिला नाहीस तरी चालेल. दोन बाणांतला कुठला लांब काढलास आणि का, तेवढं कळव. आणि या खेपेला सही नावानं कर.